घर शाळेजवळ घ्यावं की ऑफिसजवळ?

नोकरीसाठी आम्ही तिघं नव्या शहरात जातोय. माझं ऑफिस एका टोकाला, मुलीची शाळा दुसऱ्या टोकाला. प्रवेश झालाय, शाळा बदलता येणार नाही. मला आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागेल, बायको घरूनच काम करते. गाडी नाही, घ्यायचीही नाही. भाडं दोन्हीकडे परवडतं. नकाशावर कामाच्या दिवशीचा, गर्दीच्या वेळेचा प्रवास तपासला. दुपारच्या जवळजवळ दुप्पट निघतो. लहान मुलीने रोज एवढा वेळ बसमध्ये काढावा, हे मनाला अजिबात पटत नाही. मधोमध घर घेतलं तर दोघांचीही ओढाताण. थोड्या मुदतीचं घर घेऊन नंतर ठरवायचं, तर सामान दोनदा हलवावं लागेल. शाळेजवळ राहून लांबचा प्रवास स्वतः करणाऱ्यांनी सांगावं: तीन दिवसांचा असा प्रवास वर्षभर खरंच निभतो का?