ब्रूसचा कोळी, दिवाळीची जळमटं आणि स्कॉटलंडची पुस्तकं : तुमचे अनुभव लिहा

जळमट
काल दिवाळीची साफसफाई चालली होती. मी स्टुलावर, हातात लांब दांड्याचा झाडू. चिरंजीव (इयत्ता चौथी) खालून ओरडले, "आई थांब! तो ब्रूसचा कोळी असेल!" मी उतरले खाली. जळमट तिथेच. नवरा म्हणाला, आळसाला इतिहासाचा आधार मिळाला.

मला ही गोष्ट आजोबांनी सांगितली होती. मला गोवर आला होता, अंधाऱ्या खोलीत निजवलेलं, आणि आजोबा उशाशी बसून हरलेला स्कॉटलंडचा राजा ब्रूस, गुहा, पुन्हा पुन्हा पडूनही शेवटी जाळं जोडणारा कोळी, आणि ते बघून पुन्हा लढायला उठलेला राजा असं रंगवून सांगत होते. आजोबा रेल्वेत. त्यांच्याकडे स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटचे जाडजूड खंड होते, मुंगीएवढी अक्षरं, कसरीने पाडलेली भोकं. ते गेल्यावर कुणी नेईना म्हणून मी आणले आणि बारा वर्षं नुसते पुसून ठेवले. लॉकडाऊनमध्ये एक उघडला, 'टेल्स ऑफ अ ग्रँडफादर'. कोळ्याची गोष्ट घरोघरी नेली ती या पुस्तकाने, १८२७-२८ च्या सुमारास. ब्रूसने इंग्रजांविरुद्ध बॅनकबर्नची लढाई जिंकली १३१४ ला, म्हणजे मधे पाचशे वर्षं! त्याआधी तोच कोळी ब्रूसचा सरदार जेम्स डग्लस याच्या नावावर होता.

पण मला चटका लावला तो दुसऱ्याच गोष्टीने. स्कॉटने हे पुस्तक नातवासाठी लिहिलं. पोर कायम आजारी. १८३१ मध्ये, दहा वर्षांचा असताना गेला. पुढच्या वर्षी आजोबाही. पुस्तक मिटवून मी बराच वेळ नुसती बसले होते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

तर मंडळी, स्कॉटलंडवरचं कुठलं पुस्तक तुमच्या हाती लागलं आणि मग काय झालं ते लिहा. मी तोवर भाजणी दळून आणते.

पावशेर
पहिला! मी स्कॉटलंडबद्दल वाचलेलं एकच साहित्य म्हणजे बाटलीवरचं लेबल. दर शनिवारी पारायण असतं.

सांडगे
^ वाटलंच होतं तू येणार.
जळमटताई, भाजणीत पोहे किती घालता? माझ्या चकल्या तेलात विरघळतात.

फिरस्ता_ॲबर्डीन
इथे नऊ वर्षं झाली, तेलाच्या कामावर. पहिल्या डिसेंबरात दुपारी साडेतीनला सूर्य गेला तेव्हा रडू आलेलं. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पन्नास पेन्सला जॉन प्रेबलचं 'द हायलँड क्लिअरन्सेस' मिळालं, १९६३ चं. जमीनदारांना मेंढ्यांत जास्त पैसा दिसला म्हणून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची कुळं उठवली, त्याची हकीकत. १८१४ ला स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात घरांची छपरं पेटवली, लोकांनी परत येऊन राहू नये म्हणून. त्या कारभाऱ्यावर, पॅट्रिक सेलरवर, १८१६ मध्ये खटला चालला आणि तो सुटला.

पुढे आई आली होती तेव्हा तिला क्रॉइकच्या चर्चला नेलं. अगदी आडबाजूला आहे, शेवटी एकेरी रस्ता. १८४५ मध्ये ग्लेनकॅल्व्हीतून काढलेली माणसं या चर्चच्या आवारात कापडं ताणून राहिली होती. बायकापोरं, पावसात. त्यांनी खिडकीच्या काचेवर खरवडून लिहिलेलं अजून वाचता येतं. एका ठिकाणी स्वतःलाच 'पापी पिढी' म्हटलंय, म्हणजे हे आपल्याच पापाचं फळ अशी समजूत.

माझी आई कोयना खोऱ्यातली. तिचं माहेर धरणात गेलं, माणसं पार सोलापूरकडे नेऊन सोडली. मी काचेवरचं वाचून मराठीत सांगत होतो. ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "ह्यांना दुसरीकडं जमीन दिली का रं?" म्हटलं काहींना समुद्रकाठी खडकाळ तुकडे, बरेच बोटीत बसून कॅनडाला. "सामान नेऊ दिलं का?" मला उत्तर माहीत नव्हतं. परत येताना गाडीत तिने तिच्या गावातल्या एकेका घराचं नाव घ्यायला सुरुवात केली, वरच्या आळीपासून. इतकी वर्षं तिने कधी सांगितलं नव्हतं. मी गाडी हळू चालवली.

सांडगे
फिरस्ता, काय लिहिलंस रे. आईंना नमस्कार सांग.

अबोली
+१. ती नावं लिहून ठेवलीस का? ठेव.

फिरस्ता_ॲबर्डीन
फोनवर रेकॉर्ड केलीत. सत्तावीस घरं.

टीपकागद
रंगाचा बेरंग करत नाही, पण प्रेबल वाचताना जरा जपून. लिहितो छान, पण इतिहासकारांची त्याच्याबद्दल तक्रार आहे. टॉम डिव्हाइनचं 'द स्कॉटिश क्लिअरन्सेस' (२०१८) जोडीला घ्या. माणसं फक्त डोंगराळ हायलँड्समधूनच निघाली नाहीत, दक्षिणेच्या सपाट भागातूनही निघाली, आणि आधीच. त्यांच्यावर गाणी झाली नाहीत एवढंच.

आणि ते प्रत्येक घराण्याचं वेगळं चौकड्यांचं कापड? हायलँडवाल्यांचं बंड मोडणाऱ्या कलोडनच्या लढाईनंतर (१७४६) हायलँडचा पोशाख घालायला बंदी होती, ती उठली १७८२ ला. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, त्या समारंभाचे सूत्रधार जळमटताईंचे वॉल्टर स्कॉट. तिथून सगळ्यांना आपापलं 'पुरातन' कापड हवंसं झालं. १८४२ मध्ये दोघा भावांनी जुन्या हस्तलिखितावरून म्हणून अशा नमुन्यांचा अख्खा ग्रंथ छापला. हस्तलिखित बनावट! आपण कलोडनला हरलेल्या राजपुत्राचे, बॉनी प्रिन्स चार्लीचे, नातू असल्याचंही दोघे सांगत फिरायचे. गिरण्यांनी मात्र त्यातले नमुने धडाधड विणले, आणि आज लोक ते आजोबांचं म्हणून अभिमानाने नेसतात. मी स्वतः या ग्रंथाच्या नादाने दोन महिने ऑफिसात काम केलेलं नाही.

शेंगदाणा
नेसतात वरून आठवलं. भावाने एडिंबरोला पदवी घेताना भाड्याचा किल्ट घातला होता. व्हिडिओ कॉलवर आजी, "अरे परकर का दिलाय तुला? पँट हरवली का?" आता घरात त्याचं नावच परकर.

गोगलगाय
खाण्याचं कुणीच काढत नाहीये म्हणून मी. इंग्रजी शब्दकोशवाला सॅम्युअल जॉन्सन आणि त्याचा स्कॉटिश मित्र बॉसवेल १७७३ मध्ये स्कॉटलंडभर हिंडले आणि दोघांनी वेगवेगळी पुस्तकं लिहिली. नवराबायको एकाच ट्रिपचं वर्णन करतात ना, तसं. जॉन्सन सगळीकडे झाडं शोधतो, त्याला दिसतच नाहीत. बॉसवेल निसर्गाकडे ढुंकून बघत नाही, तो जॉन्सनकडे बघतो. हाच जॉन्सन त्याआधी आपल्या शब्दकोशात ओट्सबद्दल म्हणून गेला होता की इंग्लंडात हे घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात माणसं खातात.

मी ते वाचलं तेव्हा डाएटवाल्या बाईंनी मला सकाळसंध्याकाळ ओट्स सांगितलेले. घोडी म्हणून मीच मला हाक मारायचे.

हॅगिसही खाल्लंय, २५ जानेवारीला, स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्सच्या वाढदिवसाला. मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस, कांदा, ओट्स, सगळं मेंढीच्याच पोटात भरून शिजवतात. लोक नाक मुरडतात, पण वजडी खाल्लेल्या माणसाला त्यात काय विशेष? मला तर गरम मसाला कमी वाटला. आधी त्या हॅगिसला उद्देशून बर्न्सची अख्खी कविता म्हणतात, मग सुरी खुपसतात. आपण भरल्या पापलेटवर कविता का केली नाही कुणी?

पावशेर
करतो. "हे पापलेटा..." राहू दे, बायको बघतेय.

सातारचा_पेन्शनर
आम्हा सातारकरांना स्कॉटलंड म्हटलं की आठवतो ग्रँट डफ. जन्म १७८९, बॅन्फ गावचा. मराठी राज्य बुडाल्यावर साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट (प्रतिनिधी), प्रकृती बिघडल्याने मायदेशी परत, आणि १८२६ साली मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड. आमच्या वडिलांकडे त्याची प्रत होती व ते ती तांबड्या पेन्सिलीने वाचत. समासात जागोजागी 'खोटे', 'साफ खोटे', एके ठिकाणी 'गाढव'. नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी तरुण वयातच त्याच्यावर टीका लिहिली, ती वडिलांना तोंडपाठ. मात्र एकदा मीच वडिलांचे ऐकून डफला शिवी घातली, तेव्हा म्हणाले, "त्याने बखरी आणि कागद जमवले नसते तर तू कशावरून भांडला असतास? आधी वाच, मग शिव्या दे."

निवृत्तीनंतर या लोकांचा मुलूख तरी काय होता म्हणून स्कॉटलंडचा इतिहास वाचू लागलो. १७०७ हे साल आपल्याला औरंगजेबाच्या मृत्यूमुळे पाठ. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडचे पार्लमेंट इंग्लंडच्यात विलीन झाले. त्यापूर्वी पनामाकडे डेरियन येथे वसाहत करण्याच्या नादात त्यांचा प्रचंड पैसा बुडाला होता. विलीनीकरणानंतर ईस्ट इंडिया कंपनीतील नोकऱ्यांची दारे उघडली आणि ही मंडळी इकडे आली. एल्फिन्स्टन स्कॉटिश, महाबळेश्वरची माल्कमपेठ ज्याच्या नावाची तो जॉन माल्कम स्कॉटिश, विल्सन कॉलेजचे विल्सन स्कॉटिश. स्वतःचे राज्य घालवून बसलेल्यांनीच आमचे राज्य गेल्याचा इतिहास लिहिला, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी उमगले. वडील असते तर पेन्सिल खाली ठेवली असती की नाही, सांगवत नाही.

फिरस्ता, तुमच्यापासून बॅन्फ किती लांब?

फिरस्ता_ॲबर्डीन
काका, गाडीने तासाभरापेक्षा थोडं जास्त. डफचं काही दिसलं तर फोटो टाकतो.

सातारचा_पेन्शनर
टाका. तांबडी पेन्सिल घेऊन बसतो.

तिसरी_घंटा
रात्रपाळीला आहे, तुकड्यातुकड्यांत लिहितेय. मी नर्स. एका पेशंटच्या मुलीने जाताना टॉम स्टीलचं 'द लाइफ अँड डेथ ऑफ सेंट किल्डा' दिलं. अटलांटिकमधलं एवढंसं बेट. माणसं दोर लावून कड्यावर उतरायची आणि समुद्रपक्षी धरायची. तेच खाणं, तेच दिव्याचं तेल, पिसं जमीनमालकाला खंड म्हणून.

मी अडकले ते बाळांवर. एके काळी तिथली निम्म्याहून जास्त बाळं जन्मल्यावर आठवडाभरात जायची. धनुर्वात. देवाची इच्छा म्हणून लोक गप्प. शेवटी तिथल्याच एका पाद्र्याने ग्लासगोला जाऊन बाळंतपणातली स्वच्छता शिकून घेतली, तेव्हा थांबलं. आमच्या गावी सटवीच्या रात्री आजी दिवा विझू द्यायची नाही, ते आठवलं. भीती तीच. तेच दिवस.

नंतर तरुण माणसं निघून गेली, उरलेल्यांना नांगरणं, दोर ओढणं झेपेना. बेटावरची नर्स होती विल्यमिना बार्कले, तिनेही खटपट केली, आम्हाला इथून हलवा असा सरकारकडे अर्ज गेला, आणि २९ ऑगस्ट १९३० ला शेवटचे ३६ जण बोटीत बसले. घराघरांत बायबल उघडं ठेवलं, शेजारी मूठभर ओट्स. कुत्री बुडवली. हे पान मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मधेच कुणाची तरी बेल वाजली.

काही पुरुषांना मुख्य भूमीवर जंगल खात्यात काम दिलं. आयुष्यात झाड न पाहिलेली माणसं! बेटावर झाडच नव्हतं.

बेल वाजली, आले

अबोली
मूठभर ओट्स का ठेवले असतील? घर सोडताना आपण दहीभात ठेवतो तसं?

सांडगे
माहीत नाही गं. घर अगदी रिकामं दिसू नये म्हणून?

खिळेजुळारी
नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो. आमचा छापखाना होता. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांचे खण, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. ऑफसेट आल्यावर बाबांनी कर्ज काढून मोठं मशीन घेतलं आणि सगळंच बसलं. देणेकरी जेवणाच्या वेळेला यायचे, कारण बाबा तेव्हा घरी असणार. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती, दिवाळं होतं.

त्यानंतर वाचनालयात स्कॉटचं चरित्र हाती आलं. तोही छापखान्यातच बुडाला! भागीदारी होती. १८२६ मध्ये डोक्यावर सव्वा लाख पौंडाच्या घरात देणं. दिवाळखोरी जाहीर करून सुटता आलं असतं, तर म्हणाला लिहून फेडतो. मरेपर्यंत लिहीत राहिला, उरलेलं देणं मेल्यावर पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं. मी बाबांना हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याच्याकडे लेखणी होती, माझ्याकडे खिळे आहेत." आणि उठून गेले. मला वाटलं मी चुकीचं बोललो. रात्री विचारतात, "त्याच्या कामगारांचे पगार दिले का त्याने?"

बाबांनी आमच्या दोन जुळाऱ्यांचे पैसे सहा वर्षांनी दिले. एक वारला होता, त्याच्या बायकोला नेऊन दिले.

जळमट
दळणाच्या रांगेत उभी राहून वाचतेय. गिरणीवाला विचारतोय ताई काय झालं. पीठ उडालं म्हटलं डोळ्यांत.

टीपकागद
खिळेजुळारी, लिहीत जा हो.

पावशेर
वातावरण फार गंभीर झालं. माझं खरंखुरं पुस्तक सांगतो, 'व्हिस्की गॅलोर', कॉम्प्टन मॅकेंझी, १९४७. १९४१ मध्ये एरिस्के बेटाजवळ 'पॉलिटिशियन' नावाचं जहाज खडकावर आपटलं, आत अडीच लाखांच्या आसपास बाटल्या. युद्धामुळे बेटावर टंचाई. पुढचं सांगायला नको! कस्टमवाले मागे, गावकऱ्यांनी बाटल्या पुरल्या मिळेल तिथे. कादंबरी त्यावरच बेतलेली. मी ती वाचली पंढरपूरच्या गाडीत, मांडीवर मावशी झोपलेली. इतका हसलो की मावशी जागी झाली, काय वाचतोस म्हणाली. म्हटलं, प्रसादाची गोष्ट आहे.

शेंगदाणा
मावशीला कळलं असणार.

पावशेर
कळलं. म्हणाली, आम्हीही ऐकतो हो, पण पुरलेल्या जागा सापडल्या का सगळ्या?

तिसरी_घंटा
आले परत. नऊ नंबरच्या आजींना झोप येत नव्हती, त्यांना सेंट किल्डा सांगितलं. कुत्र्यांचं गाळलं.

सांडगे
जळमटताई, भाजणीत पोहे??

जळमट
चार वाट्या तांदळाला अर्धी वाटी. आणि मोहन कमी कर, म्हणून विरघळतात.
कोळी आज दिसत नाहीये. चिरंजीव बॅटरी घेऊन कपाटामागे शोधताहेत.