मदत हवी आहे: घरातली संध्याकाळची प्रार्थना

सर्वांना सलाम. आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे प्रोटेस्टंट; सून वसईची कॅथलिक. रोज संध्याकाळी एकत्र बसतो. भजन, शास्त्रवाचन ठीक होतं. पण प्रभूची प्रार्थना संपताना ती थांबते आणि आम्ही ‘कारण की राज्य...’ ही शेवटची ओळ म्हणत पुढे जातो, जी कॅथलिक तिथे म्हणत नाहीत. तिला रोझरी (मरियेची जपमाळ) हवी असते, आमच्या ह्यांना मरियेकडे विनंती करणं पटत नाही. भांडण नाही, पण अवघडलेपण आहे.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन अशा सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एक होऊन आमचं चर्च बनलं. बाप्तिस्मा बाळाला द्यावा की समजत्या वयात, या जुन्या वादावर दोन्ही रीती मान्य करून वाट काढली. (सगळेच आले नाहीत, एक मोठा मेथडिस्ट गट बाहेर राहिला.) मग आमच्या दिवाणखान्यात वाट का निघू नये? प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) एकत्र घ्यावं का, हा प्रश्न मात्र इथे नको, तो वरचे लोक सोडवतील तेव्हा सोडवतील.

अशा मिश्र घरांत तुम्ही क्रम काय ठेवता? रोझरीला सगळे बसता की वेळ वेगळी? 18 ते 25 जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहाच्या प्रार्थना मराठीत कुणाकडे आहेत का? ‘तिला आपल्या चर्चमध्ये आणा’ हा सल्ला कृपया देऊ नका.