भट्टीत ठेवलेले लाल मणी कलेजी रंगाचे का होतात?

प्रश्न (मणीमाळ, सोलापूर)

नमस्कार. मी जुळे सोलापुरात घरीच, गॅस आणि ऑक्सिजनच्या बर्नरवर सीओई १०४ च्या (म्हणजे तापल्यावर काच किती फुगते त्याचा आकडा १०४ असलेल्या) इटालियन कांड्या वितळवून काचेचे मणी करते. तारेवरचा मणी पूर्ण झाला की तो लगेच ५१० अंश सेल्सिअसवर धरलेल्या छोट्या विजेच्या भट्टीत ठेवते. सकाळी दहाला ठेवलेला पहिला मणी संध्याकाळी पाचपर्यंत तिथेच असतो, त्यानंतर आणखी एक तास तेच तापमान राखून मी भट्टी हळूहळू निवू देते.

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत रंगांबाबत काहीच तक्रार नव्हती. आता मात्र सकाळचे लाल मणी काळपट, कलेजी रंगाचे होऊन निघतात आणि त्याच कांडीचे संध्याकाळी ठेवलेले मणी कुंकवासारखे स्वच्छ राहतात. सोन्याच्या गुलाबी काचेवर जांभळी झाक येते, तर फिरोजी मण्यांवर विटकरी साय धरते. निळे आणि बिनरंगी पारदर्शक मणी ठीक आहेत. मागच्या ओळीतल्या मण्यांच्या बुडाशी सिरॅमिक ब्लँकेटच्या (भट्टीत मण्यांखाली अंथरलेल्या, उष्णता सोसणाऱ्या चटईच्या) धाग्यांची नक्षीही उमटलेली दिसते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दुकान मांडायचे आहे आणि लाल मण्यांनाच सर्वाधिक मागणी असते. भट्टीचे तापमान कमी केले तर मणी तडकतील का?

उत्तर (काचकाम)

ताई, लाल, केशरी आणि पिवळ्या कांड्यांमधला रंग कॅडमियमच्या सल्फाइड-सेलेनाइडच्या अतिसूक्ष्म स्फटिकांमुळे येतो. हे स्फटिक उष्णतेत वाढत राहतात, आणि ते गरजेपेक्षा मोठे झाले की लाल रंग मळकट होतो. गुलाबी काचेत सोन्याच्या कणांचे असेच होते. निळा रंग कोबाल्टचा असून तो काचेत विरघळलेला असतो, त्यामुळे तो तासन्‌तास भट्टीत राहिला तरी ढळत नाही.

दिवसभर मणी ५१० वर ठेवण्याची गरजच नाही. काम चालू असताना भट्टी ४८० वर धरावी, शेवटचा मणी आत गेल्यावर ५१० पर्यंत चढवून तासभर ठेवावे आणि मग ताशी सुमारे ५० अंशांनी ३७० पर्यंत उतरवून भट्टी बंद करावी. ५१० च्या आसपास काचेतला ताण काही मिनिटांत सुटतो, ४८० वर त्याला पुष्कळ अधिक वेळ लागतो. पण तिथे मणी सर्व बाजूंनी सारखाच तापलेला असल्यामुळे तो तडकत नाही.

फिरोजी मण्यांवरच्या सायीचे कारण मात्र भट्टीत नाही. त्या काचेत तांबे असते आणि ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला की ते पृष्ठभागावर येते. ऑक्सिजन वाढवावा आणि भट्टीत ठेवण्यापूर्वी मणी काही सेकंद ज्योतीच्या बाहेरच्या टोकाशी फिरवावा.

उत्तर (तापमापी, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

वरील सल्ला योग्य आहे, पण बुडावरच्या नक्षीकडे मी आधी पाहीन. खऱ्या ५१० अंशांवर ही काच इतकी मऊ होत नाही की धाग्यांचा ठसा उमटावा. म्हणजे मागच्या बाजूला तापमान त्याहून बरेच जास्त असले पाहिजे. आपला थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) दाराजवळ असेल, तर दार उघडताच त्याला गार हवा लागते, कंट्रोलर (तापमान दाखवणारा आणि राखणारा यंत्रभाग) भट्टी थंड झाली असे समजून एलिमेंट (तापणारी तार) चालू करतो आणि मागच्या भिंतीजवळचे मणी अकारण भाजत राहतात.

दोन महिन्यांत वायरिंगचे काही काम झाले होते का? के प्रकारच्या (धातूंच्या ठरावीक जोडीच्या) थर्मोकपलला कंट्रोलरपर्यंत त्याचीच कॉम्पेन्सेटिंग केबल, म्हणजे त्या जोडीशी जुळणाऱ्या धातूंची वायर, लागते. तिच्या जागी साधी तांब्याची वायर जोडली, तर भट्टीच्या अंगाशी असलेला जोड कंट्रोलरपेक्षा जितका गरम असेल, साधारण तितके अंश पडद्यावर कमी दिसतात आणि भट्टी तेवढी जास्त तापते. आपल्याकडच्या बंद खोलीत हा फरक सहज तीस-चाळीस अंशांचा होतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर (मणीमाळ)

आपले निदान अचूक ठरले. दिवाळीच्या सुमारास वायर जळाली तेव्हा ती बदलताना घरातली साधी वायर वापरली गेली होती. शेजारच्या कारखान्यातून दुसरा थर्मोकपल आणून मागच्या ओळीत टेकवला, तेव्हा पडद्यावर ५१० असताना तिथे ५५२ अंश निघाले. योग्य केबल टाकली, मणी पुढच्या अर्ध्या भागात घेतले आणि दिवसाचे तापमान ४८० केले. काल सकाळी दहाचा आणि संध्याकाळी पाचचा लाल मणी पांढऱ्या कापडावर शेजारी ठेवला, तर माझ्या मुलीला कोणता कोणता ते ओळखता आले नाही. ठसेही उमटले नाहीत. गुलाबी मात्र अजून थोडा गडद येतो.

उत्तर (काचकाम)

गुलाबी रंग आपण ज्योतीतच पूर्ण खुलवत असाल, म्हणून भट्टीत तो पुढे जातो. मणी फिका गुलाबी असतानाच आत ठेवावा आणि तो पुन्हा पुन्हा गार करून तापवू नये. कांड्यांच्या प्रत्येक नव्या गठ्ठ्यातली काच थोडी वेगळी वागते, म्हणून प्रत्येकीचा एक साधा मणी सकाळी पहिला आणि एक संध्याकाळी शेवटचा ठेवून पाहावा, आणि त्यावरून किती फिका असताना थांबायचे ते ठरवावे.