मुलुंड पूर्व: घरातलं जुनं सामान तीन ठिकाणी एकदम विकायला टाकायचंय, दोघांना एकच वस्तू कबूल होऊ नये म्हणून काय करावं?

पूर्वेचा_रहिवासी:
३१ मेला भाड्याचं घर सोडायचंय, हातात २६ दिवस आहेत. एकूण १४ वस्तू. त्यातल्या मोठ्या म्हणजे २६५ लिटरचा डबल डोअर फ्रिज (२०१९), ७ किलोचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन (२०२०), दीड टनाचा स्प्लिट एसी, ६ बाय ६ चा स्टोरेजवाला बेड आणि चार खुर्च्यांचं डायनिंग टेबल. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, तिन्हीकडे टाकणार आहे. हिशेब कसा ठेवायचा? भाव तिन्हीकडे एकच ठेवू का? टोकन किती घ्यावं? आणि मशीन, एसी काढताना काय काळजी घ्यावी?

वही_पेन:
घोळ होतो तो चॅटमध्ये. त्याच फ्रिजबद्दल एक जण मेसेंजरवर विचारतो, दुसरा ओएलएक्सच्या चॅटमध्ये, तिसरा ग्रुपमधून नंबर घेऊन फोन करतो, आणि घरातली दोन माणसं दोन वेगळी उत्तरं देऊन बसतात. म्हणून जाहिरात टाकायच्या आधी एक गूगल शीट करा आणि घरात सगळ्यांच्या मोबाइलवर ठेवा. रकाने एवढेच: क्रमांक, वस्तू, जाहिरातीतला भाव, खालचा भाव, कुठे कुठे टाकली, कोणाशी बोलणं चालू आहे, टोकन, कधी नेणार. क्रमांक प्रत्येक जाहिरातीच्या मथळ्यातही टाका: ‘क्र. ३, फ्रिज २६५ लिटर, मुलुंड पूर्व’. म्हणजे कुठूनही मेसेज आला तरी क्रमांक विचारला की काम झालं.

खालचा भाव आधीच ठरवून लिहा. ‘लास्ट प्राईस बोला’ असा फोन आल्यावर ठरवायला गेलात तर हमखास जास्त उतराल.

‘रविवारी येतो, ठेवून द्या’ म्हणणाऱ्यासाठी काहीही अडवू नका. टोकन आलं की वस्तू त्याची. पाच हजारांखालच्या वस्तूला ५००, वरच्याला १०००, मुदत ४८ तास. टोकन मिळाल्यावर त्याला हा मेसेज पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर घ्या:

‘क्र. ३ फ्रिज, ठरलेला भाव ९,५०० रु. टोकन १,००० रु. मिळाले. शनिवार संध्याकाळी ७ पर्यंत उरलेले ८,५०० देऊन न्यावा. न नेल्यास टोकन परत नाही. फ्रिज सांगितल्याप्रमाणे चालत नसेल तर टोकन पूर्ण परत.’

मग लगेच शीट, फेसबुकवर ‘पेंडिंग’, ओएलएक्सच्या मजकुरात पहिल्या ओळीत ‘टोकन आलंय’, ग्रुपवर एक ओळ, याच क्रमाने. जाहिरात मात्र वस्तू दाराबाहेर गेल्यावरच काढा. आधी काढलीत आणि गिऱ्हाईक फिरलं, तर चॅटमध्ये थांबलेली माणसं पुन्हा शोधत बसावी लागतात. दुसऱ्या नंबरच्या माणसाला सरळ सांगा की तुमचा नंबर दुसरा आहे, शनिवारी रात्री कळवतो.

फिटिंगवाला:
मशीन आणि एसीबद्दल सांगतो, कारण भांडणं तिथेच होतात.

फ्रंट लोडचा ड्रम स्प्रिंगांवर लटकलेला असतो आणि खालून डॅम्परवर (धक्के शोषणाऱ्या दांड्यांवर) टेकलेला असतो. टेम्पोत तो हिंदकळू नये म्हणून मागच्या बाजूने ट्रान्झिट बोल्ट लावतात, मॉडेलप्रमाणे तीन किंवा चार. नवीन मशीन बसवताना ते काढून बहुधा कपाटात टाकलेले असतात, आत्ताच शोधा. हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरकडून मागवा. बोल्टशिवाय नेलं की स्पिनला मशीन नाचायला लागतं आणि घेणारा म्हणतो, खराब मशीन विकलं. आदल्या दिवशी खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडा, उथळ ताट लावून फिल्टर हळूहळू सैल करा आणि आत साठलेलं पाणी काढून टाका. नाहीतर ते पाणी लिफ्टमध्ये सांडतं.

एसी काढायच्या आधी पंप डाऊन झालाच पाहिजे. कूलिंगवर चालू ठेवून आउटडोअरच्या बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करतात, गॅस आउटडोअरमध्ये ओढला गेला की जाड पाइपचाही बंद करून लगेच मशीन बंद. हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. उशीर झाला तर कॉम्प्रेसर जातो, शिवाय एसीत आर-३२ गॅस असेल तर तो पेट घेऊ शकतो. काढायची मजुरी कोण देणार हे जाहिरातीतच लिहा. काढण्याआधी गिऱ्हाइकासमोर १५ मिनिटं चालवून दाखवा आणि त्याचा व्हिडिओ ठेवा.

फ्रिज आदल्या रात्री बंद करून दार उघडं ठेवा, उभाच न्यायला सांगा. आडवा न्यावा लागलाच तर नंतर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा, कारण कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांमध्ये उतरलेलं असतं.

ठाणे_लोकल:
वही_पेन यांची शीट उत्तम, पण तिन्हीकडे एकाच दिवशी टाकू नका. पहिले दोन दिवस फक्त सोसायटीचा ग्रुप. तिथे टेम्पो लागत नाही, वस्तू येऊन बघता येते, माणूस ओळखीचा असतो. मिक्सर, पंखे, कपाट तिथेच जातात. उरलेलं तिसऱ्या दिवशी ओएलएक्स आणि फेसबुकवर. भाव सगळीकडे एकच ठेवा, लोक दोन्हीकडे बघतात आणि कमी आकड्याचा स्क्रीनशॉट पाठवतात. ओएलएक्सवरचे इतरांचे आकडे हे मागितलेले भाव असतात. महिनाभर पडून असलेली जाहिरात म्हणजे त्या भावाला कोणी घेत नाही. दुकानदार एक्स्चेंजमध्ये किती देतो ते विचारा, तोच तुमचा खालचा भाव.

पैशांचं नीट लक्षात ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. वस्तू न बघताच हो म्हणणारा, लष्करात आहे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा आणि ‘हा कोड स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारा ठग असतो. ‘चुकून जास्त गेले, परत करा’ असं कोणी म्हटलं तर एसएमएसवर विसंबू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा बघा. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पूर्वेचा_रहिवासी:
मनापासून आभार. बोल्ट सापडले, चारही आहेत. आता बेडचं सांगा. पार्टिकल बोर्डचा आहे, हेडबोर्ड ६ फुटी, आम्ही चौथ्या मजल्यावर.

फिटिंगवाला:
लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली तिरकी उंची मोजून जाहिरातीत लिहा. हेडबोर्ड बसत नसेल तर ‘जिन्याने न्यावा लागेल’ हेही लिहा, नाहीतर गिऱ्हाईक खाली हमालांशी वाद घालून तुमच्याकडून पैसे कापून घेतं. पार्टिकल बोर्ड दुसऱ्यांदा खोलला की स्क्रूची भोकं सैल होतात, म्हणून सुतार एकदाच बोलवा, नेण्याच्या दिवशी. फळ्यांच्या मागे पेन्सिलीने क्रमांक घाला, स्क्रू छोट्या पिशवीत भरून फळीलाच चिकटवा. सोसायटीचा गेट पास आणि सामान न्यायच्या वेळा ऑफिसात आधी विचारा, काही ठिकाणी रविवारी सामान सोडत नाहीत. आणि बेड, गादी जूनवर ढकलू नका. उघड्या छोटा हत्तीत एक सर आली की बोर्डाच्या कडा फुगतात.