सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतले फोटो म्हणून हसलात, म्हणून हे लिहितेय

रेल्वेलाईन्स:
काल ग्रुपवर एकाने पुष्पमाला एन. या चित्रकर्तीचे, वेगवेगळे वेश करून स्वतःच उभ्या राहिलेले फोटो टाकले, त्याखाली बाराबंदी यांनी लिहिलं, "साड्या बदलून स्वतःचेच फोटो काढायचे ही कला असेल तर गड्ड्यावर दहा रुपयांत व्हायची." खाली हसणाऱ्यांची रांग. रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून मोठं लिहितेय.

गड्ड्यावरच्या फोटोवाल्याला एवढं हलकं का धरता? माझ्या आजीचा हसरा असा एकच फोटो आहे आणि तो गड्ड्यावरचाच. पुठ्ठ्याच्या विमानात बसलीय, डोळ्याला फोटोवाल्याचा काळा गॉगल, डोक्यावरचा पदर मागे पडलाय आणि सावरायला हात गेलेला नाही. घरातल्या बाकी सगळ्या फोटोत ती आजोबांच्या खुर्चीमागे, मान खाली, एक हात खुर्चीच्या पाठीवर. तसं उभं राहायला तिला कोणीतरी सांगितलेलं. विमानात कोणी सांगितलं नाही.

पुष्पमाला नेमकं हेच धरतात. २००० ते २००४ मध्ये फोटोग्राफर क्लेअर आर्नीबरोबर केलेल्या मालिकेत त्या एकदा रविवर्म्याची लक्ष्मी होतात, एकदा चौकोन-चौकोनांच्या पडद्यापुढे उभी निलगिरीतल्या तोडा जमातीची बाई. तो पडदा इंग्रजाच्या काळात माणसं मापायला लावायचे, उंची किती, हात किती लांब. एकाच बाईच्या अंगावर देवीही चढते आणि मापायचा नमुनाही चढतो, म्हणजे दोन्ही बाहेरून चढवलेलं हे डोळ्यांना दिसतं. आणि हे सोलापूरकराने तरी विसरू नये, सेटलमेंट आपल्याच गावात आहे, जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडायची जागा. तारेच्या कुंपणातली माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटली. ज्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून हे सुरू झालं त्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांवर होता, यादीतल्या माणसाने बाईचे कपडे घालून चारचौघांत आलं की तुरुंग. कोणी काय नेसायचं यावर सरकारने कायदा केला होता आणि तुम्ही म्हणता साड्या बदलल्या फक्त!

बाराबंदी:
ताई, काय बोललालाव तुम्ही, सेटलमेंट कुठून आणलं मध्येच. माझा राग पैशाचा आहे. सिंडी शर्मन या अमेरिकन फोटोवालीचा एक फोटो २०११ मध्ये ३८ लाख डॉलरच्या वर गेला, त्यात पण बाईच स्वतः वेश करून पडलेली. मी चादरीच्या कारखान्यात २५ वर्षं काढली. आमचा डिझाईनवाला ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून मोर काढायचा, महिना महिना, मग त्यावरून जॅकार्ड मागाची, नक्षी विणायची कार्डं पंच व्हायची. डोळे गेले त्याचे. त्याला कोणी आर्टिस्ट म्हटलं का? चादरीवर नाव कंपनीचं. आणि दुसरं, अंग उघडं टाकून फोटो काढतात त्याचं कौतुक मला सांगू नका, आमच्या घरात पोरी आहेत.

रेल्वेलाईन्स:
डिझाईनवाल्याचं अगदी बरोबर, तिथे मी तुमच्या बाजूने. पण त्याचा राग पुष्पमालावर का काढता? आणि तो डॉलरचा फोटो नीट बघा, अंगभर कपडे आहेत त्यात. घरातल्या पोरी मधे आणून तोंड बंद करू नका माझं.

सातरस्ता:
मोबाईलवर बघून भांडताय दोघं. मूळ प्रिंट बघायला पुण्या-मुंबईला जायचं, हॉलचं भाडं ऐकून इथली पोरं प्रदर्शनाचं नाव काढत नाहीत. त्यावर बोला की.

जुना स्टुडिओ:
मी स्टुडिओ चालवायचो, ४१ वर्षं. कला वगैरे मला कळत नाही पण फोटो कधीच खरा नव्हता हे मी सांगतो. स्थळासाठी पोरीचा फोटो काढला की आई दाराशी थांबून हळूच सांगायची, जरा उजळ करा. निगेटिव्ह डेस्कवर लावायची, मागून उजेड, पेन्सिलीचं शिसं पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं करायचं आणि गालावर बारीक बारीक टिपके. निगेटिव्हवर जिथं काळं वाढतं तिथं प्रिंट गोरी येते. एका चेहऱ्याला अर्धा तास. हजारो पोरी उजळवल्या, लग्नं जमली त्यांची.

पूर्वभाग:
जमली? काका, १९८६ ला माझ्या अक्काचा फोटो असाच एका स्टुडिओत काढला. आई विड्या वळायची, अक्का पण. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईने पर्समधून फोटो काढला आणि अक्काच्या गालाशेजारी धरला. सगळ्यांसमोर. एकदा फोटोकडे बघायची, एकदा तिच्याकडे. तेलुगूत एवढंच म्हणाली, ही ती नाही. अक्काने त्यानंतर कुठल्याच लग्नात फोटोला पुढे उभं राहणं सोडलं, अजून कडेला असते, अर्धी कापलेली. तुमचे टिपके तुमच्यासाठी अर्ध्या तासाचे.

जुना स्टुडिओ:
मी नाही केलं तर शेजारचा करायचा. पोट होतं माझं. आज पोरी स्वतःच मोबाईलवर गोऱ्या होतात, त्यांना विचारा.

पूर्वभाग:
त्यांना लागलेली सवय तुमच्याकडूनच आलीय. तिला विचारलं होतं का एकदा तरी, तिच्या आईला नाही, तिला?

बाराबंदी:
काकांवर कशाला घसरता, वयस्कर माणूस आहे! जग तसं होतं.

रेल्वेलाईन्स:
विचारणारे त्याच काळात होते. १९८९ ला फोटोग्राफर दयानिता सिंग दिल्लीत मोना अहमद या हिजड्याचे फोटो काढायला गेल्या, लंडनच्या पेपरसाठी. मोनाने सांगितलं, छापू नको, तिथं माझे नातेवाईक आहेत. दयानितांनी रोल काढून तिच्या हातात दिला. काम बुडालं. पुढे कैक वर्षांची मैत्री झाली आणि २००१ ला पुस्तक आलं, त्यात मोनाचं म्हणणं तिच्याच ईमेलमधून आहे. गोरं करा म्हणणाऱ्या आईचं ऐकणं आणि समोर बसलेल्या माणसाचं ऐकणं यात मला फरक दिसतो.

बाराबंदी:
रोल परत दिला हे मला माहीत नव्हतं. हे पटलं. ३८ लाखांचं नाही पटलं आणि पटणारही नाही. माझ्या थोरलीचा फोटो मीपण उजळ करून घेतला होता, तिला न विचारता. ते इथं का लिहितोय माहीत नाही.

जुना स्टुडिओ:
पूर्वभाग, दोन दिवस काही लिहिलं नाही. ८० ते ९२ ची निगेटिव्हं माझ्याकडे आहेत, पाकिटावर तारीख आणि आडनाव. तुमची अक्का माझ्याकडेच आली असेल तर सापडेल. टर्पेंटाईनच्या बोळ्याने पुसलं की पेन्सिल निघून येते, खाली चेहरा होता तसाच असतो. प्रिंट मी काढून देतो, पैसे नकोत.

पूर्वभाग:
पाकीट सापडलं, काल जाऊन बघितलं. अक्का निजामाबादला असते, फोन केला. म्हणाली, पुसू दे. मग जरा थांबून विचारलं, त्यात हात दिसतील का माझे? काका, तुम्हीच सांगा तिला काय सांगू. तंबाखूने पिवळी झालेली बोटं नकोत म्हणून हात खाली धरायला लावले होते, ते चौकटीत आलेच नाहीत.