सायकलला लावलेलं इंजिन अर्ध्या रेसच्या पुढे दम तोडतंय, मदत हवी आहे

तेलकट_पँट:
सायकलला इंजिन बसवलंय. सुरू होतं, सावकाश चालतंही. पण रेस अर्ध्याच्या पुढे दिली की 'भूंऽऽ' करून बसतं. कार्ब्युरेटर खोलून साफ केला, प्लग नवा टाकला, ढिम्म फरक नाही. माहीत असेल त्याने नेमका उपाय सांगा. परत सगळं खोलत बसायला वेळ नाही.

सुटा_नट:
टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? किती सीसी? तेल किती मिसळता? प्लग कुठल्या रंगाचा निघतो? चोक अर्धा लावून पळवून पाहिलं का?

तेलकट_पँट:
टू-स्ट्रोकच, नेहमीचं किट. चोकचा काय संबंध? गार इंजिन सुरू करायला लागतो, मग बंद करतो.

मॅग्नेटबाबा:
सीडीआय (प्लगला ठिणगी पुरवणारा डबा) बदला. माझंही अगदी असंच व्हायचं. आधी किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर काढून टाका. मॅग्नेट कॉइलच्या निळ्या आणि काळ्या वायरमध्ये मीटर लावा, साडेतीनशे ओहमच्या आसपास यायला हवं. नाही आलं तर कॉइल गेली म्हणून समजा.

सुटा_नट:
बाबा, प्रत्येक धाग्यावर तुमचा सीडीआयच जळालेला असतो. आधी माणसाला बोलू द्या. धागाकर्ते, चोक अर्धा लावून तेवढीच रेस द्या आणि काय होतं ते इथे लिहा.

हवेशीर:
कार्ब्युरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच वर घ्या. काम फत्ते.

घोडा_मैदान:
चूक! क्लिप वर घेतली की सुई खाली बसते आणि पेट्रोल आणखी कमी जातं. पेट्रोल वाढवायचं तर क्लिप खालच्या खाचेत घ्यावी लागते.

हवेशीर:
मी पेट्रोल कमीच करायला सांगतोय. 'भूंऽऽ' म्हणजे जास्त पेट्रोल, इंजिन भिजतंय.

घोडा_मैदान:
आवाजावरून कसं ठरवलंत? पेट्रोल कमी पडलं तरी इंजिन भुंकत बसतं. सुईचा अंमल साधारण पाव ते पाऊण रेसपर्यंत, त्याच्या पुढे मेन जेट, म्हणजे पेट्रोलचं मुख्य भोक. कुठे बसतंय ते कळल्याशिवाय क्लिपला हात लावू नये.

तेलकट_पँट:
भांडू नका. चोक अर्धा लावला तर पाऊण रेसपर्यंत बऱ्यापैकी ओढतंय. प्लग पांढरट निघाला. तेल १६:१, किटच्या कागदावर तेवढंच लिहिलंय. आणि हो, तापल्यावर रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, थोडा वेळ ओरडत राहतं. सगळ्यांचंच तसं असतं ना?

सुटा_नट:
नाही हो, सगळ्यांचं तसं नसतं! हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. चोकने हवा कमी होते. हवा कमी केल्यावर सुधारतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. प्लग पांढरा, रेस खाली येत नाही, म्हणजे इंजिन कुठून तरी जादा हवा घेतंय. कार्ब आणि इनटेकच्या नळीचा जोड किंवा सिलिंडरकडचं गॅसकेट, या दोन जागांवर माझा संशय. या किटमध्ये कार्ब नळीवर नुसता क्लॅम्पने आवळलेला असतो, आणि क्लॅम्पजवळची फट बऱ्याचदा पूर्ण झाकली जात नाही. तोवर फुल रेस देऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच आत जातं, पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं आणि पिस्टन चिकटतो.

घोडा_मैदान:
+१. आणि तेलाचं पण बघा. १६:१ म्हणजे लिटरला साडेबासष्ट मिली. नव्या इंजिनाला ठीक. पण तेल जितकं जास्त तितकं त्याच मापात पेट्रोल कमी, हे लोक विसरतात. इंजिन रुळल्यावर २४:१ किंवा ३२:१ वर या. पण तेलाचं प्रमाण हवेची गळती बंद झाल्यावरच बदला.

बॅटरीप्रेमी:
एवढ्या खटाटोपापेक्षा हब मोटर लावा. ना कार्ब, ना प्लग, ना धूर. दोन स्पोक आवळले की झालं.

तेलकट_पँट:
हब मोटर विचारली नव्हती. गळती शोधायची कशी?

मॅग्नेटबाबा:
जोडावर कार्ब क्लीनर फवारा. रेस बदलली की गळती सापडली.

घोडा_मैदान:
क्लीनर पेट घेतो, समोर तापलेला सायलेन्सर आहे. साध्या पाण्याची बारीक फवारणी करा. पाणी फटीत शिरून क्षणभर हवा अडवतं, रेस लगेच पडते. एकेका जोडावर वेगळं मारा.

इतिहासखोर:
होंडाची सुरुवातही सायकलला इंजिन लावूनच झाली. १९४६ मध्ये सोइचिरो होंडा यांनी सैन्याच्या वायरलेस सेटच्या जनरेटरची छोटी इंजिनं सायकलला बसवली. पहिल्या सायकलीला पेट्रोलची टाकी म्हणून शेकायच्या गरम पाण्याचं भांडं वापरलं म्हणतात. त्यांनाही तुमच्यासारखा त्रास झाला असणार.

तेलकट_पँट:
पाणी मारलं. क्लॅम्पकडे काही नाही, सिलिंडरकडच्या जोडावर मारताच रेस पडली. खोलून पाहिलं तर गॅसकेट एका बाजूला दबलेलीच नव्हती, नळीचं तोंड सपाट नाही. सिलिकॉन भरून टाकू का?

सुटा_नट:
साधं सिलिकॉन नको. पेट्रोलने फुगतं आणि तुकडे सुटून आत जातात. काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून तोंड घासा, सगळीकडे सारखी चमक दिसेपर्यंत. मग नवी गॅसकेट, आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं की तोंड परत वाकडं बसतं.

तेलकट_पँट:
घासलं, जाड गॅसकेट कापून बसवली. रेस सोडली की आता खाली येतं. चोकशिवाय पाऊण रेसपर्यंत मस्त ओढतंय. फुल रेसला मात्र अडखळत 'भड्-भड्' करतंय. आता काय?

हवेशीर:
क्लिप एक खाच वर!

घोडा_मैदान:
फुल रेसला सुई नाही, मेन जेट बघतात! पण आधी प्लग. फुल रेसवर थोडं पळवा, तिथेच किल स्विच दाबा, प्लग काढा आणि फोटो टाका. काळा-ओला निघाला तर मेन जेट एक नंबर लहान घ्या. क्लीनरचा डबा दूर ठेवा.

मॅग्नेटबाबा:
सीडीआय तपासलाच नाही अजून.