रंकाळ्यावर आईला फिरायला न्यायचे आहे

प्रश्न: माझी आई 72 वर्षांची असून तिचे गुडघे दुखतात. अंबाबाईच्या दर्शनानंतर तिला कोल्हापूरच्या रंकाळ्यावर सावकाश फिरवायचे आहे, तर कोणती वेळ आणि कोणती बाजू सोयीची ठरेल?

उत्तर 1: मंदिरापासून रंकाळा जवळच असला, तरी रिक्षानेच जावे. तलावाला पूर्ण फेरी मारण्याचा आग्रह न धरता चौपाटीच्या बाजूलाच, मध्ये मध्ये बसत, फिरवावे.

उत्तर 2: सूर्यास्तापूर्वी पोहोचावे, कारण पश्चिमेला शालिनी पॅलेसच्या दिशेने मावळणारा सूर्य पाहताना माझ्या आईंनाही गुडघ्यांचा विसर पडला होता. रविवारी मात्र भेळेच्या गाड्यांभोवती फार गर्दी होते.

उत्तर 3: संध्यामठ (तलावातील जुनी दगडी वास्तू) पाहायचा असल्यास उन्हाळ्यात यावे, पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो.